जागृतीची चाचणी

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तीन वर्षांच्या वाचनचक्रातील ‘अ’ वर्षी, संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोराचा दाखला आपल्यापुढे येतो. चोर रात्रीच्या कोणत्या प्रहरी येणार हे घरधन्याला ठाऊक असते तर तो जागा राहिला असता, असे प्रभू येशू सांगतो; आणि मनुष्याच्या पुत्राचे येणेही तसेच अनपेक्षित असेल, असे त्याला जोडूनच सांगतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यावरची प्रवचनेही पुष्कळ ऐकली. परंतु जागे राहणे म्हणजे नेमके काय, आणि आपण जागे आहोत हे आपल्याला कशावरून कळावे, हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने पडला तो ख्रिस्तमंदिरात नव्हे. पेठ येथे एका घराच्या ओटीवर, वायरिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाशेजारी उभा असताना तो पडला.

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचा, गुजरातच्या सीमेला भिडलेला आदिवासी तालुका. नाशिकहून सावळघाट ओलांडून, करंजाळी मागे टाकून, कोटंबीच्या घाटाने गेले की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पेठ गाव लागते. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो तो दिवसचे दिवस. नागली, वरई आणि भात ही येथली पिके. ती हाती आली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला निघतात, आणि मागे राहिलेल्या घराला बाहेरून कडी, फार तर एक लहानसे कुलूप घालतात. कुडाच्या भिंती आणि ती कडी एवढीच त्या घरांची राखण. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे भाऊजी म्हणतो, त्यांनी या भागातील आश्रमशाळेत आयुष्यभर शिकवले आणि निवृत्तीनंतर पेठलाच घर बांधून ते राहिले. त्यांच्या ओटीला लोखंडी जाळीचे दार आहे. त्या दाराला कित्येक वर्षे नुसती कडीच होती. कोणीही कडी काढावी, ओटीवर यावे आणि आतले दार वाजवावे, अशी त्या घराची रीत होती.

भाऊजींची प्रकृती अलीकडे बरी नसते. उपचारांसाठी महिन्यातले काही दिवस नाशिकला काढावे लागतात आणि घर बंद राहते. म्हणून मुलांनी आग्रह धरला आणि मे महिन्यात घराला चोरघंटा, म्हणजे आजच्या भाषेत सुरक्षा यंत्रणा, बसवण्याचे ठरले. मी त्या दिवसांत तेथेच मुक्कामाला होतो. नाशिकहून एक तरुण कारागीर आला. त्याचे काम मी दिवसभर पाहत राहिलो.

काम तसे समजण्यास सोपे होते. भिंतीवर एक मुख्य पेटी. तिच्यापासून निघालेल्या बारीक तारा प्रत्येक दाराखिडकीपर्यंत गेलेल्या. दाराच्या चौकटीवर एक छोटी डबी आणि फळीवर तिच्यासमोर लोहचुंबक. दार मिटलेले असेल तेव्हा चुंबकाच्या ओढीने डबीतील दोन पात्या एकमेकींना चिकटतात आणि विजेची वाट पूर्ण होते. दार उघडले की चुंबक दूर जातो, पात्या सुटतात, वाट तुटते आणि पेटीला ते कळते. मधल्या खोलीत कोपऱ्यात उंचावर एक सेन्सर, जो माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेची हालचाल टिपतो. छपराखाली सायरन. आणि वीज गेली तरी यंत्रणा चालू राहावी म्हणून पेटीत एक बारा व्होल्टची बॅटरी.

हे सर्व बसवून होईपर्यंत दुपार झाली. मला वाटले, काम संपले. पेटीवर हिरवा दिवा लागला होता. सारे काही शांत होते. पण तो तरुण म्हणाला, “आता खरे काम आहे. दिवा हिरवा आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असे अजून म्हणता येत नाही.”

मी कारण विचारले तेव्हा त्याने जे समजावून सांगितले, ते मी माझ्या भाषेत मांडतो. दार उघडल्यावर वाट जोडली जावी आणि घंटा वाजावी, अशीही रचना करता येते. परंतु तिच्यात एक मोठा दोष आहे. तार कुठे तुटली, किंवा कोणी कापली, तर घंटा कधीच वाजत नाही. पेटी शांत राहते आणि घरचे लोक त्या शांततेवर विसंबून निर्धास्त झोपतात. म्हणून चांगला कारागीर उलट रचना करतो. वाट सदैव जोडलेली ठेवायची, आणि ती तुटणे हाच इशारा मानायचा. मग चोराने दार उघडले तरी घंटा वाजते आणि तार कापली तरीही वाजते. पण एवढ्यानेही भागत नाही. दोन तारांवरचे आवरण उंदराने कुरतडले आणि त्या मध्येच एकमेकींना चिकटल्या, तर पलीकडे दार सताड उघडे असूनही पेटीला वाट जोडलेलीच दिसेल. यासाठी वायरीच्या अगदी शेवटी, दारापाशी, एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या वाटेवरचा ठरावीक मापाचा अडथळा, बसवतात. पेटीला तो अडथळा नेमक्या मापाचा दिसत राहिला, तरच वाट शेवटपर्यंत शाबूत आहे असे समजायचे. माप शून्यावर आले तर मध्ये काही बिघडले आहे.

येथे त्या तरुणाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या मनातून आजही जात नाही. काही घाईचे कारागीर हा रेझिस्टर वायरीच्या टोकाला लावतच नाहीत. शिडी चढायला नको, चौकट उकलायला नको, म्हणून ते तो पेटीच्या आतच लावून टाकतात. दिवा हिरवा लागतो. घरमालक पैसे देतो. पण वाटेत तारा एकमेकींना चिकटल्या तर त्या पेटीला ते कधीच कळणार नाही. कारण तिला जे उत्तर ऐकू येते ते दारापासून आलेले नसते. ते तिचे स्वतःचेच असते.

चोरघंटेच्या इतिहासात एक गंमत आहे, आणि आपल्यासारख्यांना ती जिव्हाळ्याची वाटावी. विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट १८५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ज्याने मिळवले, तो ऑगस्टस रसेल पोप हा व्यवसायाने ना कारखानदार होता ना पोलीस. तो एक धर्मोपदेशक होता. दार किंवा खिडकी उघडली की विजेची वाट पूर्ण व्हावी आणि घंटा वाजावी, अशी त्याची योजना होती. पुढे १८५७ साली एडविन होम्स याने ते हक्क विकत घेतले आणि तिचा धंदा उभा केला. त्या धर्मोपदेशकाच्या मनात काय होते ते आपल्याला सांगता येणार नाही. पण व्यासपीठावरून माणसांना जागे राहा असे सांगणाऱ्याच्याच हातून जागे ठेवणारी घंटा घडावी, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

हिरव्या दिव्याची ती गोष्ट ऐकताना मला आठवण झाली ती आपल्या विवेकबुद्धीची. आपण सहज म्हणतो, “माझे मन मला खात नाही. माझी विवेकबुद्धी शांत आहे.” आणि ती शांतता आपण निर्दोषपणाचा दाखला म्हणून पुढे करतो. परंतु शांततेची कारणे दोन असू शकतात. एक, घरात खरोखरच कोणी शिरलेले नाही. दुसरे, तार केव्हाच तुटलेली आहे. आत बसून ऐकणाऱ्याला या दोन्ही शांतता अगदी सारख्याच भासतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात विवेकबुद्धीला माणसाचे अंतरतम गाभारघर म्हटले आहे, जेथे तो देवासह एकटा असतो. आणि त्याच परिच्छेदात इशाराही दिला आहे, की पापाच्या सवयीने ही बुद्धी हळूहळू जवळजवळ आंधळी होऊ शकते. आंधळी झालेली बुद्धी तक्रार करीत नाही. ती आरडाओरडाही करीत नाही. तिचा दिवा हिरवाच दिसत राहतो.

आणि पेटीतच बसवलेला तो रेझिस्टर! आपल्यापैकी किती जण आपल्या वागणुकीची चौकशी करताना प्रश्नही स्वतःलाच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात? मी मजुराला योग्य मोबदला देतो का, हे मी मजुराला विचारीत नाही, मलाच विचारतो. सुनेला या घरात मोकळेपणाने बोलता येते का, हे सुनेला न विचारता सासू स्वतःच ठरवते. तार दारापर्यंत जातच नाही. प्रायश्चित्त संस्कारात आपल्या पापांचे निवेदन दुसऱ्या माणसापुढे, धर्मगुरूपुढे, करावे लागते याचे एक कारण मला येथे उमगले. देवाला आपले अंतःकरण कळत नाही असे थोडेच आहे? परंतु आपल्याच तोंडचे उत्तर आपल्याच कानी पडत राहू नये, यासाठी वाटेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असावे लागते.

संध्याकाळी चाचणीचा दुसरा भाग झाला. त्या तरुणाने पेटी चाचणीच्या स्थितीत ठेवली आणि तो स्वतः चोर झाला. प्रत्येक दार त्याने उघडले, प्रत्येक खिडकी ढकलली. ताईला पेटीजवळ उभे करून दर वेळी कोणता दिवा लागला ते मोठ्याने सांगायला लावले. मधल्या खोलीतून तो कधी जलद, कधी अगदी सावकाश चालला, कधी भिंतीकडेने वाकून गेला. उष्णता टिपणाऱ्या सेन्सरला आडवी हालचाल चटकन दिसते. सरळ त्याच्याच रोखाने कोणी हळूहळू चालत आला तर ते उशिरा कळते. म्हणून तो दोन्ही प्रकारे चालून पाहत होता. भर दुपारी त्याने हीच चाचणी एकदा घेतली होती, तेव्हा सेन्सरने थोडा उशीर लावला होता. त्याचे कारण त्याने सांगितले. खोलीतील हवा आणि भिंती माणसाच्या अंगाइतक्याच तापल्या, तर सेन्सरला माणूस भोवतालापासून वेगळा ओळखू येत नाही.

हे कारण ऐकून मी अंतर्मुख झालो. सेन्सर बिघडलेला नव्हता. भोवताल आणि माणूस एकाच तापमानाला आले होते. समाजात ज्या गोष्टी सर्वच जण करतात, त्या आपल्याला पाप म्हणून दिसत नाहीत त्या याचमुळे. लग्नात मुलीकडून वस्तू घेणे सर्वत्र चालते, म्हणून आपल्या घरी ते टोचत नाही. जातीचा उल्लेख सर्वांच्याच बोलण्यात येतो, म्हणून आपल्या तोंडी आलेला आपल्याला ऐकू येत नाही. अशा वेळी संध्याकाळ होण्याची, हवा थंड होण्याची वाट पाहून पुन्हा चाचणी घ्यावी लागते. मौनसाधनेला, तपश्चर्याकाळाला, वार्षिक रिट्रीटला जो अर्थ आहे तो हाच असावा. आपण जगाच्या तापमानापासून थोडे दूर जातो, तेव्हा आपल्या आत काय हालते आहे ते दिसू लागते.

संत इग्नेशियस लोयोला यांची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केली. तिच्यात नित्याच्या आत्मपरीक्षणाला फार मोठे स्थान आहे. त्याचे पाच टप्पे आहेत: उपकारांबद्दल आभार, स्वतःला ओळखण्याची कृपा मागणे, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, आणि सुधारण्याचा निश्चय. या क्रमात उजळणी तिसरी येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी आभार, मग प्रकाशाची याचना, आणि त्यानंतर चाचणी. अंधारात आणि कुरकुरत घेतलेली चाचणी विश्वसनीय नसते.

अर्थात याचा अतिरेकही होतो. सेन्सर फार नाजूक ठेवला तर पडदा हलला तरी सायरन वाजतो, समोरून कोळी चालत गेला तरी वाजतो. चार रात्री असे झाले की घरचे लोक वैतागून यंत्रणाच बंद करतात, आणि पाचव्या रात्री घर उघडे पडते. शंकाखोर विवेकबुद्धीचे असेच होते. ज्याला प्रत्येक गोष्टीत महापाप दिसते, तो शेवटी थकतो आणि खरे पापही मनावर घेईनासा होतो. म्हणून चाचणी करणारा दोन्ही बाजू पाहतो: जे टिपायला हवे ते टिपले जाते का, आणि जे सोडून द्यायला हवे ते सोडले जाते का.

येथे कोणी श्रद्धाळू वाचक विचारील, देवावर भरवसा असताना एवढी पारख कशासाठी? आपल्याच महाराष्ट्रात, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शनिशिंगणापूर येथे देवाच्या भरवशावर घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. तेथील लोकांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु २०१० साली तेथेही चोरीची तक्रार झाली, आणि २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे शाखा उघडली तेव्हा गावाच्या भावनेचा मान राखून दिसणारे कुलूप लावले नाही. पण काचेच्या दाराला विद्युतचुंबकाने मिटणारी, सहज न दिसणारी योजना केली. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. यात कोणाचा उपहास करण्यासारखे काही नाही. सर्वांचा ठेवा सांभाळण्याची जबाबदारी अंगावर आली की भरवशाच्या जोडीला दक्षताही यावी लागते, एवढेच यातून दिसते. आपले १२७ वे स्तोत्र परमेश्वर नगर राखीत नसेल तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ आहे असे सांगते; पण पहारेकऱ्याला झोपी जा, असे ते कोठेही सांगत नाही. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी घ्यायला सांगितली, तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये हे प्रभूने ठामपणे सांगितले. उलट संत पौल करिंथकरांना स्वतःची परीक्षा करायला सांगतात. परीक्षा देवाची घ्यायची नाही. आपली घ्यायची आहे.

त्या संध्याकाळी शेवटी त्याने विजेचा मुख्य खटका बंद केला आणि बॅटरीवर सायरन वाजवून दाखवला. आवाज दूरवर गेला. शेजारी धावत आले आणि हसत परत गेले. भाऊजींनी त्यांना सांगून ठेवले, “पुन्हा असा आवाज ऐकलात तर काठी घेऊनच या.” यंत्रणा सर्व कसोट्यांना उतरली होती. येथवरच सारे घडले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

जुलै महिन्यात मी पुन्हा पेठला होतो. रात्री दोनचा सुमार असावा. पाऊस थांबता थांबत नव्हता आणि वीज संध्याकाळीच गेली होती. अकस्मात सायरन वाजू लागला. ओटीच्या जाळीचे दार कोणीतरी उघडले होते. भाऊजी बॅटरी शोधू लागले, ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी आतल्या दारामागे काठी घेऊन उभा राहिलो. बाहेरून कोणीतरी काही ओरडत होते, पण सायरनच्या आवाजात शब्द कळत नव्हते. भाऊजींचा हात कडीकडे गेला, तेव्हा मी त्यांना अडवले. “उघडू नका,” मी म्हणालो. हे माझे शब्द. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

तेवढ्यात शेजारी आले. सांगितल्याप्रमाणे काठ्या घेऊन आले. विजेऱ्यांच्या उजेडात एक तरुण अंगणात पळताना दिसला आणि त्याला कोणीतरी मारले. सायरन बंद झाल्यावर तो काय म्हणतो आहे ते आम्हांला ऐकू आले. तो म्हणत होता, “गुरुजी, मी चोर नाही. मी तुमचा विद्यार्थी.” त्याच्या बायकोला बाळंतकळा सुरू झाल्या होत्या. पाड्यावर फोन लागत नव्हता. ग्रामीण रुग्णालयापर्यंत न्यायला कोणाची तरी गाडी हवी होती, आणि गावात कोणाचे दार मध्यरात्री वाजवता येईल याचा विचार करताना त्याला एकच घर आठवले होते. शाळेत असताना तो या ओटीवर कितीतरी वेळा येऊन बसला होता. जाळीची कडी काढून आत यावे आणि दार वाजवावे, ही या घराची रीत त्याला ठाऊक होती. तिच्यात बदल झाला आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याच्या कपाळातून रक्त येत होते. भाऊजी एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी गाडी काढली आणि ते त्याच्याबरोबर गेले. पहाटे मुलगी झाली. आई आणि मूल दोघीही सुखरूप होत्या. भाऊजी परतले तेव्हा त्या तरुणाच्या कपाळावर तीन टाके पडल्याचे त्यांनी सांगितले. तो रागावला नव्हता. तो न रागावणे हेच आम्हांला अधिक जड गेले.

त्या रात्री यंत्रणेने कोठेही चूक केली नाही. चुंबक दूर झाला, वाट तुटली, वीज नसताना बॅटरीने साथ दिली, सायरन वाजला, शेजारी आले. मे महिन्यात जे जे तपासले होते, ते ते सर्व अचूक घडले. जे तपासले नव्हते तेवढेच चुकले. सायरन ऐकल्यानंतर आम्ही काय करू, याची चाचणी कोणीही घेतली नव्हती. सेन्सरला दार उघडल्याचे कळते. ते कोणी उघडले आणि कशासाठी, हे त्याला कळत नाही, आणि ते कळावे अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही. तेथे त्याचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते. आम्ही मात्र यंत्राचा इशारा हाच निवाडा समजलो. आवाज झाला म्हणजे चोर आला, हे मानण्यास आम्हांला क्षणही लागला नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री दार वाजवणाऱ्या मित्राची गोष्ट आहे. त्याला तीन भाकरी हव्या आहेत. घरातला मनुष्य आतूनच सांगतो, दार लावले आहे, मुले निजली आहेत, त्रास देऊ नकोस. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच रात्री चोर येतो. एकाच अंधारात, एकाच दाराशी मित्रही येतो आणि चोरही. प्रकटीकरणाच्या ग्रंथात तर दाराशी उभा राहून ठोठावणारा स्वतः प्रभूच आहे. जागृत राहा, ही आज्ञा मी इतकी वर्षे केवळ चोराच्या संदर्भात ऐकली होती. जागृत राहायचे ते चोराला आत येऊ न देण्यासाठी, हे खरे; पण दाराशी आलेल्याला ओळखण्यासाठीही जागृत राहायचे असते. जो केवळ भीतीने जागा आहे, तो माझ्या मते पूर्ण जागा नव्हे. त्याचे डोळे उघडे असतात, पण त्यांना एकच आकृती दिसते.

विवेकबुद्धीलाही हेच लागू पडते. तिने इशारा द्यावा, तिची तार शाबूत असावी, ती वेळोवेळी तपासली जावी, हे सर्व आवश्यकच आहे. पण इशारा मिळाल्यावर दार उघडून समोरच्याचा चेहरा पाहणे हे प्रेमाचे काम आहे, आणि प्रेमाची परीक्षा कोणत्याही मीटरवर होत नाही. ती मध्यरात्रीच होते, आणि बहुधा आपल्याला पूर्वसूचना न देता होते. माझी झाली, आणि मी तिच्यात उत्तीर्ण झालो नाही. पुढच्याच आठवड्यात नाशिकला जाऊन मी धर्मगुरूपुढे ते निवेदन केले.

भाऊजींनी यंत्रणा काढून टाकली नाही. काढून टाकावी असे मलाही वाटत नाही. घर बंद असताना तिची गरज आहेच. त्यांनी त्या तरुण कारागिराला पुन्हा बोलावले आणि जाळीच्या दाराबाहेर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी, एक साधी घंटा आणि बॅटरीवर चालणारा एक दिवा बसवून घेतला. ज्याला काम असेल त्याने कडीला हात लावण्यापूर्वी घंटेचे बटण दाबावे. मग त्यांनी शेजाऱ्यांना घरी बोलावले, चहा पाजला आणि मे महिन्यात सांगितले होते ते बदलून सांगितले: आवाज झाला तर विजेरी घेऊन या, आधी नाव विचारा. त्यानंतर त्यांनी आणखी एक चाचणी घेतली. पाड्यावर जाऊन त्या तरुणाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना त्यांनी सांगितले की रात्री-अपरात्री गरज पडली तर बटण दाबा, मी उठेन. आणि एका रात्री, कोणालाही न सांगता, त्यांनी ताईला बाहेर जाऊन ते बटण दाबायला लावले. आपण किती वेळात उठतो आणि कोणत्या स्वरात “कोण आहे?” असे विचारतो, हे त्यांना पाहायचे होते.

ताई सांगते, पहिल्या खेपेस त्यांचा आवाज फार करडा आला. त्यांनी तिला पुन्हा बाहेर पाठवले.